दागिना नसलेला अभंग

आमचं गाव पंचगंगेपलीकडचं. एकादशीच्या रात्री देवळात भजन असायचं आणि पप्पा टाळ घेऊन दुसऱ्या रांगेत बसायचे. नरहरी सोनारांचा तो प्रसिद्ध अभंग, ज्यात ते स्वतःला देवाचा सोनार म्हणवतात, तो लागला की माझे कान गरम व्हायचे. कारण त्यात एक जागा येते. सोनार तिथे सांगतो, की आपण रामनामाच्या सोन्याची चोरी केली. त्या जागी पखवाजवाले काका न चुकता पप्पांकडे बघून डोळा मारायचे. सगळी मंडळी हसायची. पप्पाही हसायचे, टाळ न चुकवता. गावात सोनारकाम करणारं आमचं एकच घर होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बघायची सोय नव्हती.

मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. आज अठ्ठावीसचा आहे, पुण्यात एका कंपनीत पैशांच्या देवाणघेवाणीचं सॉफ्टवेअर लिहितो. पप्पा कोल्हापुरात गुजरीतल्या एका पेढीसाठी पस्तीस वर्षं साज आणि ठुशी घडवत होते. गेल्या वर्षी डोळ्यांनी साथ सोडली आणि ते पाटावरून उठले. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वेळ जात नाही म्हणून ते गाथा उघडून बसलेले दिसले. तिथून आमच्या दोघांत या अभंगावर बोलणं सुरू झालं. हा लेख त्या बोलण्यातून आला आहे. यातली चांगली निरीक्षणं बहुतेक त्यांची आहेत.

संतांच्या व्यवसायरूपकांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा एकाच पद्धतीनं होतो. सावता माळ्यांचा मळा, सेना न्हाव्यांचा आरसा आणि चिमटा, गोरोबांचं मडकं. डाव्या बाजूला अवजार, उजव्या बाजूला त्याचा आध्यात्मिक अर्थ. बागेसरी म्हणजे देह, मूस म्हणजे त्रिगुण, हातोडा म्हणजे विवेक, ताजवा म्हणजे ज्ञान. माझ्या कामाच्या भाषेत याला कोष्टक म्हणतात, आणि कोष्टकाचा गुण असा की त्यातल्या ओळी कशाही वरखाली केल्या तरी काही बिघडत नाही. अभंगाचं तसं नाही. इथे ओळींना क्रम आहे, आणि तो क्रम कामाचा आहे.

बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. ती सगळ्यात आधी येते, कारण आधी विस्तव लागतो. मग सोनं. मग मूस, आणि मुशीत ओतलेला ब्रह्मरस. मग फुंकणं. मग ठोकणं. मग कात्री. मग तोलणं. शेवटी पोतडी खांद्यावर टाकून निघणं. अभंग वाचताना मी पप्पांना मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, "पप्पा, इथं क्रम चुकलाय बघा. ओतल्यावर फुंकतोय हा. आधी फुंकून वितळवायला पाहिजे, मग ओतायला."

पप्पांनी गाथा माझ्या हातातून घेतली, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मुशीत वतलंय न्हवं रं. मुशीतनं न्हाई."

मुशीत सोनं घालायचं आणि मग वितळेपर्यंत फुंकायचं. क्रम बरोबर आहे. मी इंजिनिअर असून एक विभक्तिप्रत्यय नीट वाचला नव्हता. पण एक अडचण उरतेच. रस हा आधीच पातळ असतो, मग त्याला मुशीत घालून तापवायचं कशाला? यावर पप्पा काही बोलले नाहीत. मला वाटतं, इथे कवीनं कारागिराला क्षणभर बाजूला सारलं आहे. ब्रह्म घट्ट स्वरूपात कल्पिणं त्याला जमलेलं नाही. अख्ख्या अभंगात कामाच्या बाजूनं कच्ची वाटणारी जागा ही एवढीच.

फुंकण्याची जागा मात्र इतकी पक्की आहे, की ती बाहेरून बघणाऱ्याला सुचली असती असं मला वाटत नाही. अभंग म्हणतो, की जीव आणि शिव यांची फुंकणी केली. कोष्टक पद्धतीनं वाचलं तर हे नुसतं अद्वैत आहे. आता गॅसची बत्ती आली आहे, पण पप्पांनी तरुणपणी तोंडाच्या फुंकणीवर डाक लावलेला आहे. ती फुंक मधे तुटून चालत नाही. ज्योत हलली की डाक एकीकडे धावतो, टाकणखार फसफसतो आणि नाजूक तार वितळून बसते. म्हणून कारागीर गाल हवेनं भरून ठेवतो, गालांनी हवा बाहेर ढकलतो आणि त्याच वेळी नाकानं श्वास आत घेतो. पप्पांनी मला हे चहाच्या कपात स्ट्रॉ घालून करून दाखवलं. बुडबुडे मिनिटभर थांबले नाहीत. आत जाणारा श्वास आणि बाहेर जाणारा श्वास एकाच वेळी चालू. जीव-शिवाचं ऐक्य म्हणजे काय, हे मला निरूपणांतून कधी कळलं नव्हतं. त्या कपाकडे बघताना एवढं कळलं, की ही ओळ लिहिणाऱ्याला ते छातीत आणि गालांत माहीत होतं.

हातोड्याचंही तसंच. विवेकाच्या हातोड्यानं काम आणि क्रोध यांचं चूर्ण केलं, असं अभंग सांगतो. हातोड्यानं वस्तूचा चुरा होतो यात विशेष काय, असं आपल्याला वाटतं. पण सोनाराच्या ऐरणीवर चुरा होत नाही. सोनं ठोकलं की पसरतं. एक ग्रॅम सोनं ठोकून ठोकून जवळपास एक चौरस मीटरचा वर्ख होतो, इतकं ते लवचीक आहे. ठोकल्यावर जे तडकतं त्यात काहीतरी भेसळ असते. शिशाचा थोडासा अंश गेला तरी सोनं ठिसूळ होतं आणि पत्रा ओढताना फाटतो. म्हणजे कारागिराच्या लेखी हातोडा हे परीक्षेचंही साधन आहे. चूर्ण झालं याचाच अर्थ ते सोनं नव्हतं. काम-क्रोधांना वाईट म्हणणारे अभंग पुष्कळ आहेत. ते आपल्या मूळ धातूचे नाहीत, हे चुरा या एका शब्दात सांगणारा सोनारच असू शकतो.

आणखी एक गोष्ट मला नंतर दिसली. या अभंगात जोड्या आहेत. जीव-शिव, काम-क्रोध, मन-बुद्धी, नामाची दोन अक्षरं. मुशीचे तीन गुण सोडले तर सगळा हिशेब दोनाचा. फुंकणीत दोन श्वास, कात्रीला दोन पाती, ताजव्याला दोन पारडी. अवजार आणि त्याचा अर्थ यांची गाठ रूपकाच्या पलीकडे, मोजणीतही बसते. मन आणि बुद्धी यांची कात्री का, तर ती दोन पाती एकमेकांवर घासल्याशिवाय काही कापलं जात नाही म्हणून. आणि हीच कात्री चोरीचं अवजार आहे.

त्या जागेवर आता आलंच पाहिजे.

सोनार चोरी करतो, हे मराठी समाजानं गृहीतच धरलेलं आहे. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत नको, असं बजावणारी म्हण आपण हसत हसत सांगतो. सरकारनंही एकदा हा संशय मोठ्या प्रमाणावर अंमलात आणला. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. कारण परकीय चलनाचं होतं, पण पाट बंद पडले ते कारागिरांचे. आमच्या आजोबांनी दोन हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचं काम केलं. १९६६ मध्ये ती अट सैल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. तेवढी वर्षं कारागिराच्या घरातल्या सोन्याच्या प्रत्येक तुकड्याला वहीत जागा असावी लागे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पप्पांना एक्सेलमध्ये तक्ता करून दिला. पेढीकडून आलेलं सोनं, तयार दागिन्याचं वजन, परत दिलेली कात्रण, आणि उरलेला फरक. कारागिराला घडणावळीबरोबर थोडी घट धरून देतात, पण ती किती धरायची यावर दर महिन्याला शेठजींशी बोलाचाली व्हायची. मला वाटलं, आकडे असले की भांडण मिटेल. चार महिन्यांच्या नोंदी झाल्यावर मी बेरीज केली. फरक धरलेल्या घटीपेक्षा थोडा जास्त निघाला, काही ग्रॅम. मी जेवताना सहज विचारलं, "पप्पा, हे एवढं सोनं कुठं गेलं?"

पप्पांनी हात धुतले आणि ते उठून झोपायला गेले. ताट अर्धं होतं. आई मला एवढंच म्हणाली, "आसं विचारू ने रं बापाला."

दुसऱ्या दिवशी ते मला सोबत कारखान्यात घेऊन गेले. काही न बोलता त्यांनी एक-एक गोष्ट दाखवली. कानस मारताना उडणारा कीस मांडीवरच्या कातड्यात पडतो, पण सगळा नाही. काही पाटाच्या फटीत जातो, काही बनियनला चिकटतो, काही केसांत. तेजाबात उजाळताना थोडं जातं. म्हणून कारखान्यातला केर कधी रस्त्यावर टाकत नाहीत. हात धुतलेलं पाणीही पिंपात साठवतात. वर्षातून एकदा झारेकरी येतात, तो केर विकत घेतात आणि धुऊन, गाळून, आटवून त्यातून सोनं काढतात. हे दाखवून झाल्यावर पप्पा कामाला बसले. "मी चोरी करत नाही," असं ते म्हणाले नाहीत. मी माफी मागितली नाही. तक्ता त्यानंतर आम्ही दोघांनीही उघडला नाही.

आज माझ्या कामात पैशाचा हजारावा भाग कुठे गेला, याचा हिशेब मला द्यावा लागतो. आकडे पूर्ण करताना राहणारा बारीक फरक कुठल्या खात्यात टाकायचा याचे आमच्याकडे नियम आहेत, आणि त्याबद्दल मला कुणी डोळा मारत नाही. फरक माझ्याकडेही असतो. पप्पांच्या कामात त्याचं नाव चोरी आहे.

म्हणून मला वाटतं, नरहरींच्या अभंगातली सर्वांत धीट जागा हीच. विवेक, ज्ञान, ब्रह्म अशा भारदस्त शब्दांच्या रांगेत एकच गुन्हा बसला आहे आणि तो कवीनं स्वतः कबूल केला आहे. भजनातले बुवा यावर सांगायचे, की चोरी म्हणजे गुपचूप केलेलं नामस्मरण. अर्थ म्हणून ते चूक नाही. पण बोलणारा कोण आहे हे विसरलं तरच ते पुरतं. ज्याच्या जातीवर आणि धंद्यावर हा आरोप रोज होतो, तो माणूस देवासमोर उभा राहून तो आरोप नाकारत नाही. तो म्हणतो, हो, चोरी केली, पण काय चोरलं ते बघा. आणि पुढच्याच ओळीत तो चोरलेला माल स्वतः काट्यावर ठेवतो. दोन अक्षरं तोलतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते सांगत नाही. आमच्या पखवाजवाल्या काकांना आणि हसणाऱ्या पप्पांना ही थट्टा माझ्यापेक्षा चांगली कळली होती असं आता वाटतं. कानात रक्त चढलेला मी एकटाच होतो.

नरहरींची जी कथा आपल्याला माहीत असते, ती महिपतींच्या 'भक्तविजया'मुळे. तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे परंपरा नरहरींचा जो काळ मानते त्यानंतर चारेकशे वर्षांनी लिहिलेला. कथा थोडक्यात अशी. नरहरी कट्टर शिवभक्त. पंढरपुरात राहूनही विठ्ठलाचं तोंड न बघणारे. एक सावकार नवस फेडायला विठ्ठलासाठी सोन्याची कमरेची साखळी करायला सांगतो. नरहरी देवळात जायला तयार नाहीत, म्हणून सावकार माप आणून देतो. साखळी कधी तोकडी पडते, कधी सैल होते. शेवटी नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून माप घ्यायला जातात. हाताला शंकराची लक्षणं लागतात, पट्टी काढली की समोर विठ्ठल. पुन्हा बांधली की पुन्हा शंकर. हरि-हर एकच, हे त्यांना उमगतं.

ही कथा अद्वैताची म्हणून सांगतात. मला त्यात कामाची एक साधी गोष्ट दिसते. जो वस्तू वापरणार त्याला न भेटता, मधल्या माणसानं आणलेल्या मापावर काम केलं की ते बसत नाही. माझ्या क्षेत्रात निम्मे प्रकल्प याच कारणानं पुन्हा पुन्हा करावे लागतात. कारागिराला गिऱ्हाईक दिसत नाही, ही पप्पांचीही कायमची स्थिती. त्यांनी घडवलेले साज कुणाच्या गळ्यात गेले हे त्यांना ठाऊक नाही. एकदा महाद्वार रोडवर एका बाईंच्या गळ्यात त्यांना स्वतःच्या हाताची पानडी दिसली. ते थोडं अंतर मागे चालत गेले आणि मग लोक काय म्हणतील म्हणून थांबले. हे त्यांनी मला या दिवाळीला सांगितलं.

कथा आणि अभंग शेजारी ठेवले की एक विचित्र गोष्ट दिसते. महिपतींच्या कथेत दागिना आहे, पण काम नाही. साखळी बनते, चुकते, पुन्हा बनते, पण शेगडी, मूस, डाक यांच्याशी कथेला देणंघेणं नाही. उलट अभंगात सगळं काम आहे, शेगडीपासून काट्यापर्यंत, दिवसरात्र चालणारी ठोकाठोक आहे, आणि दागिना एकही नाही. तोलली जातात ती अक्षरं. पोतडीत काय आहे ते सांगितलेलं नाही. मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध सोनाराच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेत दागिन्याचं नावही येत नाही.

आधी मला ही उणीव वाटली. ज्यानं आयुष्यभर सुंदर वस्तू घडवल्या, त्यानं सौंदर्याबद्दल अवाक्षर काढू नये? आपल्या साजाचंच बघा. परंपरेनं त्यात एकवीस पानं मानतात. दशावतार, अष्टमंगल, माणिक आणि पाचू, शेवटचं डोरलं. पानांमधून जवमणी ओवलेले. मासा, कासव, शंख, भुंगा, वाघनख, कारलं, बेलपान यांची ही रांग म्हणजे रचनेचा केवढा प्रश्न आहे. एकमेकांशी आकाराचं नातं नसलेल्या वस्तू एकाच उंचीच्या, एकाच वजनाच्या भासल्या पाहिजेत, नाहीतर साज गळ्यात वाकडा फिरतो. पप्पा पत्र्यावर ठशानं पान उठवायचे आणि पोकळीत लाख भरायचे. कासवाची पाठ फुगीर, म्हणून त्याला लाख जास्त लागते. मग माशाचा पत्रा किंचित जाड ठेवून तोल सांभाळायचा. बघणाऱ्याला यातलं काही कळू नये, एवढीच अपेक्षा. चित्रपटातल्या एका दृश्याच्या मांडणीवर आपण पानं भरून लिहितो, आणि साजाबद्दल बोलायची वेळ आली की किती तोळ्यांचा, एवढंच विचारतो.

पप्पांना मी विचारलं, "नरहरींनी दागिन्याचं नाव का नसंल घेतलं?"

"दागिना आपला कुठं आसतोय?" पप्पा म्हणाले.

मी यावर बराच विचार केला. दागिना पेढीचा, नंतर गिऱ्हाइकाचा, अडचणीच्या काळात सावकाराचा, आणि शेवटी पुन्हा मुशीचा. आता प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरं-अंकांचा क्रमांक असतो. २०२३ च्या एप्रिलपासून त्याशिवाय दुकानदाराला दागिना विकता येत नाही. तो क्रमांक मोबाइलवर टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता कळते. कुणी घडवला हे कळत नाही. पप्पांच्या पस्तीस वर्षांच्या कामावर त्यांची खूण कुठेच नाही, आणि असावी असं त्यांना कधी वाटल्याचं दिसलं नाही. कारागिराचं स्वतःचं काय, तर अवजारं, श्वास, ठोकाठोक आणि बदनामी. नरहरींनी अभंगात नेमकं तेवढंच घेतलं आहे. जे आपलं नाही त्याला हात लावलेला नाही. चोरीची कबुली देणाऱ्या कवितेतला हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

आणि एक गोष्ट मात्र त्यांनी करून घेतली. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. तिथे नरहरी सोनार हे नाव आहे, धंद्यासकट. दागिन्यावर जो ठसा कारागिराला उठवता येत नाही, तो त्यांनी शब्दांवर उठवला. त्यांच्या हातची साखळी आज कुणी दाखवू शकत नाही. त्यांच्या नावावर अभंगही थोडेच आहेत, पण हा एक टिकला, गावोगावच्या टाळकऱ्यांच्या तोंडी.

शेवटची पोतडी मला पूर्वी सजावट वाटायची. संसारातून पलीकडे गेलो, हे सांगायला जोडलेली. पण आमच्या घरी पोतडी होती, म्हणजे खाकी कापडाची पिशवी, आणि पप्पा रोज ती घेऊन नदी ओलांडायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा ते शहराच्या बाजूला अडकले. पिशवीत पेढीचं सोनं होतं, निम्मी झालेली ठुशी. एका नातेवाइकाच्या घरी ती उशाला घेऊन ते झोपायचे, म्हणजे झोपायचे नाहीत. पूल सुरू झाल्यावर आम्हाला वाटलं आधी घरी येतील. ते आधी पेढीवर गेले, सोनं शेठजींसमोर काट्यावर ठेवलं, आकडा वहीत लिहून घेतला आणि मग पलीकडे आले.

या कार्तिकी एकादशीला मी भजनाला बसलो होतो. पखवाजवर नवा मुलगा होता. ती ओळ आली आणि गेली, कुणी हसलं नाही. गावात आता सोनारकाम करणारं कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे विनोद कळायचं कारणही उरलेलं नाही. मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला, आणि टाळ चुकवला नाही.